मॅनिफोल्डच्या दरीतली बार्शी लाईट

बार्शी लाईटच्या या स्मरणिकेत कुर्डुवाडीच्या कारखान्याविषयी, आषाढीच्या गर्दीविषयी, लातूरच्या मालाविषयी जाणत्यांनी लिहिले आहेच. माझ्याकडे आलेला विषय समुद्रापलीकडचा आहे, पण तो या अंकात हवाच होता. बार्शी लाईटला इंग्लंडमध्ये एक धाकटी बहीण होती. तिचे नाव लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वे. दोघींचे गेज एकच, अडीच फुटांचे. दोघींना घडवणारे इंजिनीअरही एकच, एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप. थोरली १८९७ साली धावू लागली आणि एकविसावे शतक उजाडले तेव्हाही तिची छोटी गाडी चालू होती. धाकटी १९०४ साली सुरू झाली आणि १९३४ साली बंद पडली. तिला पुरी तीस वर्षेही लाभली नाहीत.

आपल्याकडे रेल्वेचा इतिहास सांगताना विलायतेहून काय काय आले हेच बहुधा सांगितले जाते. इंजिने आली, रूळ आले, साहेब आले, कायदे आले. ही हकीकत उलट दिशेची आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या काळ्या रानात जे आधी कसाला लागले, ते सात वर्षांनी इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरच्या एका दरीत जाऊन बसले. बार्शीकरांनी, कुर्डुवाडीकरांनी याचा अभिमान बाळगावा असे मला मनापासून वाटते. आणि त्याबरोबरच, तेच तंत्र, तेच गेज, तोच माणूस असूनही एक लाइन जगली आणि दुसरी का गेली, हेही समजून घ्यावे.

कॅलथ्रॉप यांचा जन्म १८५७ चा, लिंकनशायरमधल्या शेतकरी घरातला. रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या नावाने चालणाऱ्या कारखान्यात सुरुवात, पुढे लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या क्रू येथील कारखान्यात उमेदवारी आणि मग ग्रेट वेस्टर्न रेल्वेत नोकरी असे करत १८८२ साली ते आपल्या जीआयपी रेल्वेत इंजिनांचे तपासनीस म्हणून आले. इंजिने तपासता तपासता त्यांची नजर रुळांच्या बाहेरही जात होती. मुख्य मार्ग एकीकडून जातो आणि माल पिकतो, विकला जातो तो दुसरीकडेच, हे त्यांनी पाहिले. बार्शी ही कापसाची नावाजलेली पेठ. पण मुंबई-मद्रास मार्ग तिच्यापासून वीस-एकवीस मैलांवरून निघून गेला होता. बार्शीचा माल बैलगाड्यांनी बार्शी रोड स्टेशनापर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत यायचा, आणि पावसाळ्यात त्या मातीत गाडी रुतली की तो किती दिवसांनी पोचेल याचा भरवसा नसे. इथे छोट्या गेजची पोटलाइन टाकावी म्हणून कॅलथ्रॉप यांनी १८८० च्या दशकातच खटपट सुरू केली. परवानगी, भांडवल, अटी यांतून वाट काढता काढता १८९५ उजाडले. त्या वर्षी लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९७ च्या मार्चमध्ये बार्शीला गाडी आली.

या लाइनमागचा विचार थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. रेल्वे बांधण्याचा खर्च ठरतो तो रुळावर पडणाऱ्या भाराने. भार जास्त असला की रूळ जाड लागतात, पूल भक्कम लागतात, भराव रुंद घालावे लागतात. कॅलथ्रॉप यांनी हिशेब दुसऱ्या टोकाने मांडला. त्यांनी आधी भार ठरवून टाकला. इंजिन असो, प्रवासी डबा असो की मालाची वाघीण असो, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन येता कामा नये. मग इंजिनाला चाके वाढवली आणि त्याचे वजन सगळ्या आसांवर सारखे वाटून दिले. वाघिणींच्या चौकटी लीड्स फोर्ज कंपनीकडून दाबून घडवलेल्या पोलादाच्या करून घेतल्या. त्यामुळे रिकाम्या वाघिणीचे वजन घटले आणि आत भरता येणाऱ्या मालाचे वाढले. लीड्सजवळ न्यूले येथे मुद्दाम रूळ टाकून या गाड्यांच्या चाचण्याही झाल्या. पण चाचणी ती चाचणी. उन्हाळ्याची काहिली, पावसाळ्यात फुगणारी काळी माती आणि हंगामात एकदम येऊन पडणारा माल या तिन्हींपुढे टिकायचे होते ते कुर्डुवाडी-बार्शी मार्गावर. लाइन टिकली, वर कंपनी नफ्यातही राहिली. हलकी रेल्वे म्हणजे खेळण्यातली रेल्वे नव्हे, हे कॅलथ्रॉप यांना आता छातीठोकपणे सांगता येत होते.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये अशा रेल्वेची गरज भासू लागली होती. अमेरिकेतले स्वस्त धान्य आगबोटींनी येऊ लागल्यापासून इंग्लिश शेतकऱ्याचे कंबरडे मोडले होते. गहू परवडेना म्हणून तो दुधाकडे वळला. दूध काही अमेरिकेहून येणार नव्हते. पण दूध नासायच्या आत शहरात पोचले पाहिजे, आणि डोंगराळ खेड्यांतून रेल्वे स्टेशन गाठायलाच अर्धा दिवस जायचा. सरकारने १८९६ साली लाइट रेल्वेचा कायदा केला. सिग्नल, फलाट, कुंपणे यांबाबतचे कडक नियम अशा लाइनींसाठी सैल झाले आणि मागासलेल्या शेतीप्रदेशात सरकारी तिजोरीतून मदत मिळण्याची सोय झाली. स्टॅफर्डशायरच्या उत्तर कोपऱ्यातल्या मॅनिफोल्ड दरीच्या लोकांनी ही संधी हेरली. वर नॉर्थ स्टॅफर्डशायर रेल्वेने ही लाइन आपण चालवू असे सांगितले. योजना दोन तुकड्यांची होती. लीक या गावापासून वॉटरहाउसेसपर्यंत नेहमीच्या मोठ्या गेजची लाइन, आणि वॉटरहाउसेसपासून ह्यूम एंडपर्यंत दरीतून सव्वाआठ मैल छोटी लाइन. या छोट्या लाइनीसाठी इंजिनीअर म्हणून कॅलथ्रॉप यांना बोलावले गेले ते बार्शीच्या पुण्याईवर.

ही दरी चुनखडकाची आहे. वॉटरहाउसेसकडून हॅम्प्स ही नदी येते, बीस्टन टॉर नावाच्या उंच कड्याखाली ती मॅनिफोल्डला मिळते. उन्हाळ्यात दोन्ही नद्यांचे पाणी पात्रातल्या भोकांतून जमिनीखाली उतरते आणि खाली काही मैलांवर इलम गावाजवळ पुन्हा वर येते. मधले पात्र कोरडे ठणठणीत असते. दरी इतकी अरुंद, की लाइनीला हॅम्प्स नदी पुन्हा पुन्हा ओलांडावी लागली. मोठ्या गेजची लाइन इथे घालायची म्हणजे कडे फोडावे लागले असते. अडीच फुटी लाइन मात्र नदीच्या वळणाबरोबर वळत गेली.

दरीच्या वरच्या टोकाला एक्टनची तांब्याची खाण होती. अठराव्या शतकात ती डेव्हनशायरच्या ड्यूक घराण्याच्या मालकीची होती आणि त्या तांब्याने घराण्याला अमाप पैसा दिला. विसावे शतक लागेपर्यंत खाण थंडावली होती. रेल्वे आली की ती पुन्हा चालू होईल, चुनखडी निघेल, आणि पुढे केव्हातरी लाइन ह्यूम एंडच्या पलीकडे बक्स्टन या मोठ्या गावापर्यंत जाईल, अशा आशा तेव्हा होत्या. यातली एकही फळाला आली नाही. या लाइनीच्या नशिबाची मेख इथेच आहे, असे माझे मत आहे. पण ते पुढे.

लाइनीवर एक बोगदा आहे, स्वेन्सली बोगदा, १६४ यार्ड लांब. दरीच्या तळाने गेलेल्या या मार्गाला त्याची निकड नव्हती असेच म्हणतात. तो झाला तो स्वेन्सली हॉल या घरातून गाडी दिसू नये म्हणून. घर होते सर थॉमस वॉर्डल यांचे, आणि रेल्वे कंपनीत वॉर्डल घराण्याचे पैसेही गुंतलेले होते. या वॉर्डल यांचे नाव रेशीम जाणणाऱ्या भारतीयांना परके नाही. लीक हे रेशमाचे गाव, आणि वॉर्डल तिथले रंगारी. आपल्या देशातले टसर, म्हणजे भंडारा भागातले विणकर ज्याला कोसा म्हणतात ते रानरेशीम, तेव्हा युरोपात कुणी फारसे विचारत नसे, कारण त्यावर रंग नीट बसत नसे. वॉर्डल यांनी त्यावर वर्षानुवर्षे प्रयोग करून ते रंगवण्याची रीत काढली, १८८५-८६ मध्ये भारतात येऊन रेशमाची पाहणी केली आणि काश्मीरच्या रेशीम धंद्याला उभारी देण्यातही त्यांचा हात होता. विल्यम मॉरिस या प्रसिद्ध कारागीर-कवीने वनस्पतींचे रंग हाताळायला शिकण्यासाठी वॉर्डल यांच्याच रंगशाळेत दिवस काढले. म्हणजे बार्शीच्या अनुभवावर आखलेली रेल्वे टसरच्या रंगाऱ्याच्या बंगल्याजवळून बोगद्यातून जात असे. या दरीचे आणि आपल्या मुलखाचे धागे असे दुहेरी आहेत.

२७ जून १९०४ रोजी छोट्या लाइनीचे उद्घाटन झाले. पण लीककडून येणारी मोठ्या गेजची लाइन तोवर पुरी झालीच नव्हती. ती सुरू व्हायला १ जुलै १९०५ उजाडावा लागला. मधले वर्षभर लीक ते वॉटरहाउसेस प्रवाशांची ने-आण वाफेवर चालणाऱ्या बसगाड्यांनी झाली. मोटारींनीच पुढे ज्या लाइनीचा घास घेतला, तिचे पहिले वर्ष रस्त्यावरच्या गाडीच्या आधाराने निभावले.

इंजिने दोनच होती, लीड्सच्या किटसन कंपनीने बांधलेली. एकाचे नाव ‘ई. आर. कॅलथ्रॉप’, दुसऱ्याचे ‘जे. बी. अर्ल’, म्हणजे लाइनीवरच्या स्थानिक इंजिनीअरचे. बार्शीची पहिली इंजिनेही किटसनचीच, आणि घराण्याची खूण दोन्हीकडे दिसते. मॅनिफोल्डच्या इंजिनांना पुढे एक छोटी जोडी, मध्ये सहा मोठी चाके, मागे चार छोटी, आणि वजन बार्शीसारखेच सगळ्यांवर वाटलेले. इंजिनांच्या पुढ्यात भलामोठा दिवा. रात्री मोकळ्या रानातून, गुराढोरांतून गाडी न्यायची असेल तर असा दिवा लागतोच; स्टॅफर्डशायरच्या दरीत त्याचे काम जवळजवळ कधी पडले नाही. डबे पिवळ्या रंगाचे, लांबलचक, बोगीवर बसवलेले, दोन्ही टोकांना कठडे लावलेल्या ओसऱ्या. ते त्या काळच्या इंग्लिश डब्यांसारखे मुळीच दिसत नसत. इंग्लंडमधल्या ज्या जुन्या माणसांनी ही गाडी लहानपणी पाहिली, त्यांना ती परदेशातून आल्यासारखी वाटायची, आणि त्यांचे वाटणे खरेच होते.

फलाट नावालाच, जमिनीपासून वीतभर. सिग्नलचे खांब नाहीत, वेगाला ताशी १५ मैलांची मर्यादा. वॉटरहाउसेस सोडल्यावर स्पॅरोली, बीस्टन टॉर, ग्रिंडन, थॉर्स केव्ह, वेटन मिल, बटरटन, एक्टन आणि शेवटी ह्यूम एंड. रेडहर्स्टचा थांबा मागाहून १९१५ साली वाढवला. थॉर्स केव्ह स्टेशनावरून वर पाहिले की कड्याच्या पोटात गुहेचे प्रचंड तोंड दिसते. सुट्टीच्या दिवशी स्टोक भागातल्या मडक्याभांड्यांच्या कारखान्यांतले कामगार बायकामुलांसह इथे लोटायचे. वर्षभर भट्ट्यांच्या धुरात राहणाऱ्यांना ही हिरवी दरी म्हणजे जिवाला विसावा होता, आणि ती त्यांच्या आवाक्यात आणली या गाडीने. एवढे एकच काम तिने केले असते तरी मी तिला यशस्वी म्हटले असते.

कॅलथ्रॉप यांनी या लाइनीत जी एक गोष्ट नव्याने केली ती मात्र बार्शीलाही नव्हती. मोठे आणि छोटे गेज जिथे भेटते तिथे माल एका वाघिणीतून दुसरीत भरावा लागतो. कुर्डुवाडीला ते काम हमालांनी वर्षानुवर्षे पाठीवर केले. इंग्लंडमध्ये मजुरी महाग, आणि दूध, कोळसा, पेंड असला माल पुन्हा पुन्हा हलवायचा म्हणजे नासाडी. कॅलथ्रॉप यांनी त्यासाठी वाहक गाड्या केल्या. छोट्या गेजवर चालणारी, जमिनीला जवळजवळ टेकलेली एक लांब गाडी. तिच्या दोन्ही बाजूंच्या पोलादी तुळयांवर मोठ्या गेजचे रूळ. वॉटरहाउसेसला मोठे रूळ जिथे संपत, तिथे ही गाडी नेमकी त्यांना भिडवून उभी करायची. मोठी वाघीण ढकलत तिच्यावर चढवायची, चाके अडकवून पक्की करायची, आणि छोटे इंजिन ती सगळी वरात दरीतून ओढत न्यायचे. वाटेतल्या काही स्टेशनांत मोठ्या गेजच्या रुळांचे तुटक तुकडे टाकलेले होते, आजूबाजूच्या कुठल्याही मोठ्या लाइनीशी ज्यांचा संबंध नाही असे. वाघीण तिथे उतरवून ठेवायची, शेतकऱ्याने सवडीने कोळसा काढून घ्यायचा किंवा माल भरायचा, मग ती पुन्हा वाहक गाडीवर. ब्रिटनमध्ये अशी सोय प्रथम झाली ती इथे. अडीच फुटी रुळांवर मोठ्या गेजची धिप्पाड वाघीण वळणे घेत चाललेली पाहणे हा डोळ्यांचा सोहळाच असला पाहिजे. त्या काळची छायाचित्रे पाहताना माझी नजर दर वेळी तिथेच खिळते.

आणि या सगळ्याच्या मुळाशी दूध होते. सकाळी शेतकरी घोड्याच्या गाडीतून उंच कॅन घेऊन स्टेशनावर यायचे. फलाट जमिनीलगत, तेव्हा भरलेला कॅन कडेवर झुकवून त्याच्या तळाच्या काठावर गरगर फिरवत डब्यापाशी न्यायचा आणि दोघांनी उचलून आत ठेवायचा. ज्याने दूधसंकलन केंद्रावर पहाटे काम केले आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. पुढे पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात एक्टनला, जुन्या खाणीच्या पायथ्याशी, दूधप्रक्रियेचा कारखाना आला. मग वाहक गाड्यांवर मोठ्या गेजच्या दुधाच्या टाक्याच थेट एक्टनपर्यंत येऊ लागल्या आणि भरून लंडनच्या वाटेला लागू लागल्या. एक्टनच्या डोंगराखाली भरलेली टाकी मधे कुठेही रिकामी न करता शहरात पोचायची. कॅलथ्रॉप यांच्या युक्तीचे याहून चांगले चीज झाले नसते. लाइनीचे खरे सुगीचे दिवस हेच.

आता दुखणे. पहिले दुखणे जागेचे. ग्रिंडन, वेटन, बटरटन ही स्टेशनांना नावे देणारी गावे दरीच्या वर, डोंगराच्या माथ्यावर आहेत. स्टेशने तळाशी. गाडीला यायचे तर मैल-दीड मैल खडी उतरण, आणि बाजार करून परतताना तीच चढण. म्हातारे माणूस, लेकुरवाळी बाई, ओझेवाला यांना ही पायपीट रोजची कशी झेपणार? दुसरे दुखणे टोकांचे. ह्यूम एंड हे चार घरांचे ठिकाण. लॉन्गनर आणि हार्टिंग्टन ही बाजाराची गावे आणखी पुढे. बक्स्टनपर्यंत लाइन गेली असती तर गोष्ट वेगळी होती. दुसऱ्या टोकाला वॉटरहाउसेसला उतरून गाडी बदलायची, मग लीक, मग पुन्हा बदलून कुठे जायचे तिथे. थेट कुठलेच मोठे गाव या लाइनीवर नव्हते. खाण बंदच राहिली. उरले दूध आणि सुट्टीचे प्रवासी. सुट्ट्या वर्षात मोजक्या, आणि हिवाळ्यात दरी रिकामी.

१९२३ साली सरकारने ब्रिटनमधल्या रेल्वे कंपन्यांचे चार मोठे गट केले. नॉर्थ स्टॅफर्डशायर रेल्वे आणि तिच्याबरोबर ही छोटी लाइन लंडन मिडलंड अँड स्कॉटिश या अवाढव्य गटात गेली. पिवळे डबे त्या कंपनीच्या लाल रंगात रंगले. हजारो मैलांच्या पसाऱ्यात सव्वाआठ मैलांची, वेगळ्याच गेजची लाइन कुणाच्या जिव्हाळ्याची राहणार? तिच्यासाठी दोन इंजिने वेगळी, सुटे भाग वेगळे, वाहक गाड्या वेगळ्या. तेवढ्यात महायुद्धानंतर स्वस्त झालेल्या लॉऱ्या आणि बस रस्त्यांवर आल्या. बस डोंगरमाथ्यावरच्या गावात, घराच्या दारापर्यंत जाई. लॉरी गोठ्यापाशी थांबून कॅन उचली. रेल्वेने ज्या चढणीवर कधी उपाय केला नाही, तो रस्त्याने आपोआप केला. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला एक्टनचा दूधकारखाना बंद झाला आणि उरलेसुरले दूध रस्त्याने जाऊ लागले. मंदीचे दिवस होते. १० मार्च १९३४ च्या शनिवारी शेवटची गाडी धावली आणि १२ मार्चपासून लाइन कागदोपत्रीही बंद झाली.

इंजिने भंगारात गेली, रूळ निघाले. पण मोकळा मार्ग लंडन मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेने स्टॅफर्डशायर काउंटी कौन्सिलला दिला, आणि कौन्सिलने तो पायवाट करून १९३७ च्या जुलैत लोकांसाठी खुला केला. बंद पडलेल्या रेल्वेमार्गाची पायवाट करणे आज जगभर चालते. तेव्हा तसे करणारे फार थोडे होते. त्या कौन्सिलचे मला विशेष कौतुक वाटते. जमीन तुकड्यातुकड्याने विकून टाकणे सोपे होते.

आता थोरल्या लाइनीकडे पाहू. बार्शी लाईट बार्शीपाशी थांबली नाही. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये निजामाच्या राज्यातल्या लातूरला, आणि १९२७ मध्ये मिरजेला. एका टोकाला लातूरची पेठ, दुसऱ्या टोकाला मिरजेचे जंक्शन, मध्ये विठोबा. तिला कधी माल शोधत फिरावे लागले नाही. वारीला तर डब्यांच्या टपांवर माणसे बसायची. १ जानेवारी १९५४ ला सरकारने ती विकत घेतली, मध्य रेल्वेत मिळवली, आणि या शतकाच्या पहिल्या दशकात तिचे तुकड्यातुकड्याने ब्रॉडगेज झाले. म्हणजे ती मोडली नाही, मोठी झाली. आज लातूरहून निघालेली गाडी त्याच गावांना जोडत पळते.

दोन्ही लाइनींचे रूळ, इंजिने, वाघिणी शेजारी ठेवल्या तर इंग्लंडची लाइन उणी नव्हतीच; वाहक गाड्यांच्या बाबतीत ती सरसही होती. कमी पडली ती तिची वाट. बार्शीत आधी बैलगाड्यांच्या रांगा होत्या, माल होता, यात्रेकरू होते, आणि रेल्वे त्यांच्याकडे गेली. मॅनिफोल्डमध्ये रेल्वे आधी गेली आणि खाण, चुनखडी, बक्स्टन हे सगळे मागून येईल असे धरले गेले. मागास भागात रेल्वे नेली म्हणून तो भाग आपोआप वर येत नाही. लाइनीची दोन्ही टोके कुठेतरी पोचायला हवीत. आज आपल्याकडे नव्या लाइनींची मागणी होते, सर्वेक्षणे होतात, तेव्हा नकाशावरच्या दोन टोकांकडे आधी पाहावे, असे मला कळकळीने वाटते.

वेळेचाही भाग होता. वेल्समधली वेल्शपूल अँड लॅनफेअर लाइन याच गेजची, मॅनिफोल्डच्या एक वर्ष आधी, १९०३ मध्ये सुरू झालेली. तिची प्रवासी वाहतूक १९३१ मध्येच बंद झाली, पण मालगाडी १९५६ पर्यंत रखडत चालत राहिली. तोवर टॅलिलिनच्या रेल्वेने १९५१ मध्ये वाट दाखवली होती, आणि जुनी लाइन स्वयंसेवकांनी चालवणे ही गोष्ट लोकांच्या अंगवळणी पडू लागली होती. वेल्शपूलची लाइन १९६३ मध्ये हौशी लोकांनी पुन्हा सुरू केली, ती आजही चालते. मॅनिफोल्डची लाइन १९३४ मध्ये गेली, तेव्हा असा विचार करणारे कुणी नव्हते. पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान १९५१ मध्ये झाले आणि मॅनिफोल्डची दरी त्यात आली. आणखी वीस वर्षे ती लाइन कशीबशी तग धरती, तर आज दर उन्हाळ्यात तिच्या तिकिटासाठी रांगा लागत्या.

कॅलथ्रॉप यांनी पुढे रेल्वेपलीकडेही खूप काम केले. माथेरानच्या गाडीचे ते सल्लागार होते, हे आपल्याला ठाऊक असायला हवे. अरबी घोड्यांची त्यांना ओढ होती आणि घोडा सोबती म्हणून कसा वाढवावा यावर त्यांनी पुस्तक लिहिले. त्यांचे मित्र चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉइसमधले रोल्स, १९१० मध्ये विमान कोसळून गेले. ते दुःख कॅलथ्रॉप यांच्या मनात घर करून राहिले आणि वैमानिकाचा जीव वाचवणारी हवाई छत्री बनवण्यात त्यांनी आपली पुढची वर्षे आणि पैसा घातला. ‘गार्डियन एंजल’ हे तिचे नाव. आसावरचा भार सारखा वाटणारा हा माणूस शेवटपर्यंत दुसऱ्याच्या सुरक्षिततेचाच विचार करत राहिला. मार्च १९२७ मध्ये ते वारले. त्याच वर्षी बार्शी लाईट मिरजेला पोचली.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींसाठी शेवटी थोडी माहिती. जुन्या मार्गाला आता मॅनिफोल्ड वे म्हणतात. ह्यूम एंडला स्टेशनाची जुनी इमारत उभी आहे आणि वॉटरहाउसेसला भाड्याने सायकली मिळतात. वाट डांबरी आहे. मधल्या काही भागावर, स्वेन्सली बोगद्यातूनही, मोटारी जातात, तेवढी काळजी घ्यावी. बाकी सगळा मार्ग जवळजवळ सपाट, वळणे सावकाश, कारण तो पाच टनांच्या आसांच्या हलक्या गाडीसाठी आखलेला आहे. लहान मुले, म्हातारी माणसे, चाकांची खुर्ची वापरणारे, सगळ्यांना तो झेपतो. उन्हाळ्यात गेलात तर हॅम्प्सवरच्या पुलांखाली पाणी दिसणार नाही. ते पाहायचे असेल तर खाली इलमपर्यंत जावे.